जवळची शाळा, लांबची शाळा



विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकाने फोनवर विचारलं, ‘पहिली ते सहावीच्या शाळेवर तासभर काय बोलणार?’ शंका रास्त होती. शाळेचा इतिहास म्हटला की आपल्याकडे सुवर्णमहोत्सवी स्मरणिका निघते. त्यात संस्थापकांचा फोटो, देणगीदारांची यादी, शिष्यवृत्ती मिळवलेल्या मुलांची नावं आणि शेवटी सोनाराची जाहिरात. शाळा उभी राहिली तेव्हा गावातली कोणती मुलं तिथे येत नव्हती, हे मात्र स्मरणिकेत कधी येत नाही. आज ज्या शाळेबद्दल बोलणार आहे तिचा इतिहास नेमका तिथूनच सुरू होतो. ही शाळा आपल्या देशातली नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याची राजधानी टोपेका, तिथल्या मन्रो रस्त्यावरची ही मन्रो प्राथमिक शाळा.

‘ब्राउन विरुद्ध शिक्षण मंडळ’ हा खटला वकील मंडळींना ठाऊक असतो. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य असा एकमुखी निर्णय दिला की सरकारी शाळांत वर्णावरून मुलं वेगळी बसवणं घटनाबाह्य आहे. निकालाबद्दल ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. ज्या शाळेवरून हे सगळं घडलं, ती शाळा कशी होती? लोकांना वाटतं, गळकं छप्पर, फुटक्या पाट्या, अर्धशिक्षित मास्तर असं काहीतरी असणार. तसं नव्हतं, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

आधी रस्ता सांगतो. लिंडा ब्राउन तिसरीत होती. तिचे वडील ऑलिव्हर ब्राउन सांता फे रेल्वेच्या कारखान्यात वेल्डर होते, शिवाय चर्चमध्ये सहायक पाद्री. घर मिश्र वस्तीत. शेजारी गोरी कुटुंबं होती, मेक्सिकन वंशाची होती, मूळ अमेरिकी रहिवाशांचीही होती. संध्याकाळी ही सगळी पोरं एकत्र खेळायची. सकाळी मात्र बाकीची पोरं एका दिशेला जायची आणि लिंडा दुसऱ्या. घरापासून सात चौक चाललं की समनर नावाची प्राथमिक शाळा होती, पण ती गोऱ्यांची. लिंडाला जायचं होतं मैलभर लांबच्या मन्रो शाळेत. त्यासाठी आधी रेल्वेच्या यार्डातून, रूळ ओलांडत सहा चौक चालून बसथांबा गाठायचा. वडिलांनी न्यायालयात हिशेब सांगितला तो असा: मुलगी सात चाळीसला घर सोडते. बस आठची, पण पुष्कळदा उशिरा येते. बस वेळेवर आली तर मुलगी साडेआठला शाळेत पोचते. शाळा उघडते नऊला. मधला अर्धा तास ती बंद दाराबाहेर उभी असते. पुढे मोठेपणी लिंडाने सांगितलं होतं की हिवाळ्यात रडू यायचं आणि अश्रू गालावरच गोठू लागायचे.

शिक्षण मंडळाचं म्हणणं काय होतं? काळ्या मुलांना आम्ही बस फुकट देतो, गोऱ्या मुलांना तर तीही नाही! कागदावर हा मुद्दा बिनतोड आहे. ज्याला घराशेजारची शाळा बंद, त्याच्यावर लांबच्या शाळेपर्यंतच्या भाड्याचे उपकार. असा युक्तिवाद आपल्याकडच्या बैठकांतही ऐकायला मिळतो, फक्त बसऐवजी सायकल असते किंवा प्रवासभत्ता.

आता मन्रो शाळा. यादवी युद्ध संपल्यावर दक्षिणेतून मुक्त झालेली माणसं कॅन्ससकडे यायला लागली. १८७९ च्या सुमाराला तर लोंढाच आला, इतका की या लोकांना नावच पडलं ‘एक्सोडस्टर’. टोपेकात जॉन रिची नावाचा गुलामगिरीविरोधी गृहस्थ होता. त्याच्या जमिनीवरच्या प्लॉटांवर बरीच काळी कुटुंबं स्थिरावली आणि त्या वस्तीत मन्रो शाळा वाढली. सुरुवातीला भाड्याची जागा, मग स्वतःची इमारत आणि १९२६ साली आजही उभी असलेली विटांची आणि चुनखडीच्या दगडाची देखणी इमारत. ती ज्याने आखली तो वास्तुकार थॉमस विल्यमसन. टोपेका हायस्कूलची भव्य इमारतही त्याचीच. म्हणजे काळ्यांच्या शाळेला हलक्या हाताचा गवंडी दिला, असं घडलं नाही.

शिक्षिकांचंही तसंच. त्या काळी शिकलेल्या काळ्या स्त्रीला टोपेकात मानाची म्हणावी अशी एकच नोकरी होती, शिकवण्याची. त्यामुळे जिने दुसरीकडे प्राध्यापकी केली असती अशी बाई इथे चौथीच्या वर्गावर असायची. कित्येकींकडे पदव्युत्तर पदवी होती. शिक्षिका मुलांच्याच वस्तीत राहायच्या, रविवारी त्याच चर्चमध्ये दिसायच्या. पोरानं वर्गात खोडी काढली तर ती संध्याकाळच्या आत घरी कळायची. मन्रोत शिकलेल्या माणसांच्या आठवणी वाचल्या तर तक्रारीपेक्षा बाईंबद्दलची माया जास्त सापडते. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कॅन्ससचा कायदाही विचित्र होता. १८७९ च्या कायद्याने मोठ्या शहरांना प्राथमिक शाळा वर्णानुसार वेगळ्या ठेवण्याची मुभा दिली होती, सक्ती नव्हती. टोपेकाच्या हायस्कुलात सगळी मुलं एकत्र. मधल्या वर्गांचा घोळ होता: गोरी मुलं सातवीला ज्युनिअर हायस्कुलात जायची, काळी मुलं आठवीपर्यंत प्राथमिक शाळेतच अडकायची. त्याविरुद्ध खटला झाला आणि १९४१ साली ज्युनिअर हायस्कुलं खुली झाली. लोक जिंकले. सातवी-आठवीची मुलं गोऱ्यांच्या शाळेत गेली, पण त्यांना शिकवणाऱ्या काळ्या शिक्षकांना कुणी सोबत नेलं नाही. त्यांतल्या काहींच्या नोकऱ्या गेल्या. टोपेकातल्या काळ्या शिक्षकांनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून दहा वर्षांनी नवा खटला उभा राहत होता तेव्हा त्यांच्यातले बरेच जण गप्प होते, काही उघड नाराज होते. त्यांना भित्रे म्हणणं सोपं आहे. मी म्हणणार नाही.

खटला उभा केला तो काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या टोपेका शाखेने. अध्यक्ष मॅकिन्ली बर्नेट यांनी मंडळाला अर्ज-विनंत्या करण्यात वर्षं घालवली होती. चिटणीस ल्युसिंडा टॉड या पूर्वीच्या शिक्षिका. लग्न झालेल्या बाईला शिकवू द्यायचं नाही या नियमापायी त्यांची नोकरी सुटलेली. त्यांची मुलगी व्हायोलिन शिकत होती. शहरातल्या प्राथमिक शाळांच्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम आहे असं त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं आणि पाहिलं तर सगळ्या गोऱ्या शाळा, आपली एकही नाही. वाद्यं शिकवण्याची सोय फक्त तिकडेच होती. मला हा व्हायोलिनचा किस्सा रूळ ओलांडण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. इमारत सारखी, पाठ्यपुस्तकं सारखी, आणि फरक अशा एखाद्या सुरात पकडला जातो.

१९५० च्या शरद ऋतूत वेगवेगळे पालक आपापल्या मुलांना घेऊन जवळच्या गोऱ्या शाळेत प्रवेश मागायला गेले. प्रत्येकाला नकार मिळाला आणि तो नकारच पुरावा म्हणून हवा होता. ऑलिव्हर ब्राउन लिंडाचा हात धरून समनर शाळेत गेले; मुख्याध्यापकांच्या खोलीत वडील, बाहेर मुलगी. २८ फेब्रुवारी १९५१ रोजी दावा दाखल झाला. तेरा पालक, वीस मुलं. तेरांपैकी बारा आया होत्या, पुरुष एकच. जगाच्या इतिहासात नाव मात्र त्या एका पुरुषाचं राहिलं. डार्लीन ब्राउन नावाच्या एक वादी होत्या, अक्षरानुक्रमे त्यांचं नाव आधी यायला हवं होतं. यावर अधिक भाष्य नको, सभागृहात भगिनीवर्ग बराच आहे.

आता त्या दुसऱ्या शाळेच्या नावाकडे वळतो. समनर शाळा १९३६ ची, नव्या आर्ट डेको धाटणीची. तिला नाव दिलं होतं चार्ल्स समनर यांचं. हे समनर मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर, गुलामगिरीचे कट्टर वैरी. पण सिनेटर होण्याआधी वकील असताना त्यांनी बोस्टनमध्ये एक खटला लढवला होता. सारा रॉबर्ट्स नावाची पाच वर्षांची काळी मुलगी होती. घर ते तिला नेमून दिलेली शाळा, या वाटेवर तिला गोऱ्यांच्या पाच शाळा लागायच्या. समनर यांनी मागितलं एवढंच की या पोरीला जवळच्या शाळेत बसू द्या. १८५० साली ते हरले. तोच निकाल पुढे १८९६ मध्ये ‘वेगळं पण समान’ या तत्त्वाला आधार म्हणून दाखवला गेला. आणि शंभर वर्षांनी, जवळच्या शाळेसाठी भांडलेल्या त्या माणसाचं नाव असलेल्या शाळेने सात चौकांवरच्या मुलीला परत पाठवलं. शाळांना थोरांची नावं देण्याची आपल्यालाही हौस आहे. नावाची पाटी आणि दाखल्याची खिडकी यांचा संबंध असतोच असं नाही.

रॉबर्ट्सचा खटला बोस्टनमध्ये चालू होता त्याच काळात इकडे पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई शाळा काढत होते. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामगिरी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केलं हे आपण जाणतो. पण मुंबई इलाख्यातली एक नोंद त्यामानाने कमी सांगितली जाते. १८५६ च्या जून महिन्यात धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. नकार मिळाला. त्याने थेट मुंबई सरकारकडे अर्ज केला. २१ जुलै १८५६ च्या ठरावात सरकारने काय म्हटलं? न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे, यात शंका नाही. परंतु एका-दोघांसाठी पिढ्यान्‌पिढ्यांचे पूर्वग्रह एकदम मोडायला गेलो तर शिक्षणाच्या कार्याचंच मोठं नुकसान होईल. म्हणजे न्याय तुझा, शाळा त्यांची. १८५८ मध्ये लंडनहून कळवलं गेलं की सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्वांना खुल्या आहेत. बाबासाहेबांनी पुढे हे प्रकरण आपल्या लेखनात आवर्जून मांडलं.

आणि बाबासाहेबांना ते का मांडावंसं वाटलं हे साताऱ्याला गेलं की कळतं. तिथल्या शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० या तारखेला ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद आहे. नियमानं प्रवेश मिळाला होता. बसायला मात्र घरून तरटाचा तुकडा न्यावा लागायचा, आणि शिपाई जागेवर नसला तर पाणी नाही. टोपेकातल्या मुलीला शाळेत प्रवेशच मिळाला नाही, साताऱ्यातला मुलगा दारातून आत गेला आणि आतल्या आत लांब बसवला गेला. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले विचारवंत आणि एनएएसीपीच्या संस्थापकांपैकी एक डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहिलं, तेव्हा दोघांनाही एकमेकांची ओळख करून घ्यायला फार प्रस्तावना लागली नसावी. त्यानंतर चार वर्षांनी आपली घटना अमलात आली. सरकारी किंवा सरकारी मदतीच्या शाळेत वंश, जात, धर्म, भाषा एवढ्याच कारणावरून प्रवेश नाकारता येणार नाही, हे तिच्यातलं कलम २९ चं दुसरं उपकलम. टोपेकाच्या निकालाआधी चार वर्षं.

पुन्हा टोपेकाला जाऊ. जून १९५१ मध्ये तीन न्यायाधीशांसमोर साक्षी झाल्या. न्यायालयाने पाहणी करून सांगितलं: इमारती, अभ्यासक्रम, शिक्षकांची पात्रता, सगळं जवळपास सारखं आहे. म्हणून ‘वेगळं पण समान’ या जुन्या तत्त्वाप्रमाणे वादी हरले. पण न्यायमूर्ती हक्समन यांनी निकालात एक निष्कर्ष नोंदवून ठेवला, की वेगळं बसवण्यानेच काळ्या मुलांवर वाईट परिणाम होतो आणि कायद्याचा शिक्का असला तर तो आणखी खोल जातो. अपिलात हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा सोबत दक्षिणेतलेही खटले होते. तिथल्या काही शाळा खरोखर खोपटं होती. तशा ठिकाणी न्यायालय ‘आधी इमारती सुधारा’ म्हणून मोकळं झालं असतं. टोपेकाने ती पळवाट बंद केली. मन्रो चांगली शाळा होती म्हणून खटल्याला धार आली. विटा सारख्या, बाई तितक्याच शिकलेल्या, मग उरलं काय? उरलं फक्त ‘तू तिकडे जा’.

टोपेकाच्या शिक्षण मंडळाने निकालाची वाटही पाहिली नाही. सप्टेंबर १९५३ मध्येच वेगळेपणा टप्प्याटप्प्याने संपवायचा ठराव झाला. पण त्याआधी मार्च महिन्यात मंडळाच्या अधिकाऱ्याने काही काळ्या शिक्षिकांना पत्रं पाठवली होती. पत्राचा आशय असा: पुढल्या वर्षी काळ्यांच्या शाळांचा पट किती राहील याची खात्री नाही, म्हणून तुम्हाला नेमणूक देता येत नाही, न्यायालयाने वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या तर गोऱ्या मुलांना काळ्या शिक्षकांनी शिकवावं असं टोपेकातल्या बहुसंख्य लोकांना वाटणार नाही, असा आमचा अंदाज आहे. भाषा बघा. कुणी शिवी दिलेली नाही. ‘पट’, ‘खात्री’, ‘अंदाज’. अतिरिक्त ठरलेल्या आपल्याकडच्या शिक्षकांना अशी भाषा अनोळखी नाही.

१९४१ मधली भीती खरी ठरली होती. पुढच्या वर्षांत दक्षिणेत हजारो काळ्या शिक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. मुलं एकत्र आली. शिक्षक एकत्र आले नाहीत. याच दु बॉइस यांनी १९३५ सालीच एका लेखात विचारलं होतं की काळ्या मुलांना वेगळ्या शाळांची गरज आहे का, आणि त्यांचं उत्तर साधं हो किंवा नाही असं नव्हतं. मुलावर माया करणारा शिक्षक कुठल्या शाळेत मिळतो, हा त्यांचा मुद्दा होता. त्यावेळी स्वकीयांनीच त्यांच्यावर टीका केली. मला वाटतं, टीका करणाऱ्यांची मागणी बरोबर होती आणि दु बॉइस यांची काळजीही. एक मान्य केली की दुसरी खोटी पडते असं नाही.

लिंडा समनर शाळेत कधी शिकली नाही. निकाल लागला तेव्हा ती प्राथमिक शाळा ओलांडून ज्युनिअर हायस्कुलात पोचली होती, जे १९४१ पासून खुलंच होतं. १९७९ मध्ये आई म्हणून ती पुन्हा त्याच खटल्यात उतरली, कारण मंडळाने आखलेल्या हद्दींमुळे शाळा प्रत्यक्षात वेगवेगळ्याच राहिल्या होत्या. ते प्रकरण १९९९ पर्यंत चाललं. २०१८ साली लिंडा वारली.

मन्रो शाळा १९७५ मध्ये पट घटल्याने बंद झाली. मग गोदाम झाली, हात बदलत राहिली. १९९० मध्ये तिच्या विक्रीची पाटी लागली तेव्हा लिंडाची बहीण शेरिल ब्राउन हेंडरसन आणि त्यांच्या प्रतिष्ठानने धावपळ केली. १९९२ मध्ये ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाली आणि निकालाच्या पन्नासाव्या वर्षी, २००४ मध्ये, संग्रहालय म्हणून उघडली. समनर शाळा १९९६ मध्ये बंद पडली, कॅलिफोर्नियातल्या एका चर्चने २००९ मध्ये विकत घेतली. जिच्यात येऊ दिलं जात नव्हतं ती शाळा पडीक, आणि जिथे पाठवलं जात होतं तिच्या दारात पर्यटकांच्या बस.

शेजारच्या शाळेचा प्रश्न आपल्याकडे कोल्हापूरकडच्या एका माणसाने फार गांभीर्याने मांडला. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव. सगळ्यांसाठी समान शाळा, आणि प्रत्येक मुलाने आपल्या वस्तीतल्याच शाळेत जायचं, मग बाप कलेक्टर असो की हमाल, ही आयोगाची शिफारस. तिचं काय झालं हे सभागृहाबाहेर उभ्या असलेल्या स्कूलबसचे रंग मोजले की कळेल. सन २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात ‘शेजार’ परत आला, पण नियमात: पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर. आणि खासगी शाळांत दुर्बल घटकांच्या मुलांसाठी २५ टक्के जागा. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने अधिसूचना काढली की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला या २५ टक्क्यांतून सूट. म्हणजे ज्या ‘शेजारा’ने दार उघडायचं, त्याच शेजाराने ते लावायचं. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. अधिसूचनेच्या बाजूने बोलणारे म्हणत होते, जवळ सरकारी शाळा आहे ना, मग तक्रार कसली? टोपेकाच्या मंडळाचा सूरही असाच होता. आणि आपल्या सरकारी शाळेतल्या चांगल्या गुरुजींचं यात काय होईल, हे दोन्ही बाजूंनी फारसं कुणी विचारलं नाही. ते विचारायला हवं होतं. कारण पट घटला की आधी वर्ग जोडले जातात, मग शिक्षक अतिरिक्त ठरतो.

इथे बसलेल्यांपैकी कुणी आपल्या वॉर्डातल्या, वाडीतल्या शाळेचा इतिहास लिहायचं मनावर घेणार असेल तर माझी एक सूचना आहे. संस्थापकांच्या फोटोपासून सुरुवात करू नका. कार्यालयातल्या लोखंडी कपाटात जनरल रजिस्टर असतं, सगळ्यात जुना बांधीव खंड काढायला सांगा. मुख्याध्यापक प्रथम नाही म्हणतील. केंद्रप्रमुखांचं पत्र नेलंत तर चहा पाजून दाखवतील. त्यात जात, जन्मस्थळ, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याचं कारण असे रकाने असतात. गावाच्या कोणत्या भागातली मुलं पहिल्या पन्नास नोंदींत आहेत आणि कोणत्या भागातलं पहिलं नाव कितव्या पानावर येतं ते बघा. मग शिक्षकांची हजेरी मागा. तिच्यात त्या भागातलं पहिलं आडनाव कोणत्या साली दिसतं तेही लिहून घ्या.